मुसा बुसीचे आडनाव

पेशवे दप्तरातील कागद ज्यांनी चाळले आहेत त्यांस ‘मुसा बुसी’ हे नाव नवे नाही. फ्रेंचांस त्या काळी आपले लोक फराशीस म्हणत. हे फराशीस परस्परांस ‘मस्यू’ अशी हाक मारीत, ती आपल्या कारकुनांच्या कानी पडली आणि मोडी अक्षरांत उतरताना तिचा मुसा झाला. अशा नावांचे पुढे काय काय होई हे पाहण्यासारखे आहे. निजामाच्या पदरी नंतरच्या काळात रेमाँ नावाचा दुसरा एक फराशीस सेनानी होता. त्याचा हैदराबादच्या मुसलमानांनी मुसा रहीम केला आणि हिंदूंनी मुसा राम. बुसीच्या वाट्यास एवढे भाग्य आले नाही. तो बुसीच राहिला.

त्याचे पुरते नाव मात्र आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. ते असे : शार्ल जोझेफ पातिसिए, मार्की द बुसी-कास्तेलनो. यांतील बुसी आणि कास्तेलनो ही जहागिरीची नावे. खरे आडनाव पातिसिए. फ्रेंच भाषेत पातिसिए म्हणजे लोणी, मैदा, अंडी व साखर यांची गोड पक्वान्ने करणारा भटारी. आपल्याकडे तर हलवाई हे आडनाव असणारा गृहस्थ तलवार गाजवू लागला, तर लोकांनी त्यावर दहा म्हणी रचल्या असत्या. मोठमोठ्या इतिहासकारांनी बुसीच्या लढाया, तह, कारस्थाने ह्यांचा कीस पाडला आहे. पण त्याच्या आडनावाकडे आम्हीही इतकी वर्षे लक्ष दिले नव्हते. ते लक्ष वेधले एका नऊ वर्षांच्या मुलीने, आणि तेही औरंगाबादेत नव्हे, पाँडिचेरीस नव्हे, तर अमेरिकेतील एका करमणुकीच्या उद्यानात.

फ्लोरिडा संस्थानात ऑर्लँडो शहराजवळ डिस्ने कंपनीची जी विस्तीर्ण क्रीडानगरी आहे, तिच्यात एपकॉट नावाचे एक उद्यान आहे. ते १ ऑक्टोबर १९८२ रोजी उघडले. त्याच्या एका भागात मोठे तळे असून तळ्याच्या काठाने निरनिराळ्या राष्ट्रांच्या वसाहती मांडल्या आहेत. दोन घटकांत माणूस मेक्सिकोतून निघून नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, जपान, मोरोक्को करीत फ्रान्सास पोहोचतो. फ्रान्सच्या भागात जुन्या पॅरिसातील एक गल्ली उभारली असून घरांच्या माथ्यावर आयफेल मनोरा दिसतो. हा मनोरा मूळच्या सुमारे दशांश उंचीचा आहे. घरांचे वरचे मजले मुद्दाम लहान केले आहेत, त्यामुळे ती आहेत त्याहून उंच भासतात. हे कळल्यावर मोठ्या माणसाचा आनंद थोडा उणा होतो. मुलांचा होत नाही. त्यांस मनोरा मनोराच वाटतो.

आमच्या पुतण्याचे बिऱ्हाड तिकडे आहे. त्याच्या मुलीस घेऊन आम्ही दोघे वृद्ध तेथे एक दिवस हिंडलो. वैजापूर हे तिच्या आजोळचे नव्हे, आजोबांचे गाव. तिने ते दोनदाच पाहिलेले. फ्रान्सच्या गल्लीत शिरताच तिने दुकानावरची पाटी अक्षरे लावून वाचली व ‘बुलांजरी’ आणि ‘पातिसरी’ ह्यांत भेद काय म्हणून विचारले. पहिल्यात पाव व भाकरीचे प्रकार, दुसऱ्यात गोडधोड, असे आम्ही सांगितले. आणि पातिसरी हा शब्द उच्चारत असतानाच आम्हांस औरंगाबादचा तो सेनानी आठवला. “आजोबा, तुम्ही हसता का?” असे तिने विचारले. खरे म्हणजे हसण्याजोगेच होते. ज्याच्या फौजेच्या धाकाने एके काळी गोदावरीपासून कृष्णेपर्यंतचे मुत्सद्दी झोप घेत नसत, त्याचे आडनाव येथे मिठाईच्या काचेवर सोनेरी अक्षरांत चमकत होते.

खाण्याचे म्हणाल तर आम्ही तेथे कंजूषपणा केला नाही. क्रोसाँ नावाचा चंद्रकोरीच्या आकाराचा पाव आणला. तो मोडला की आत पदरामागून पदर सुटतात. मैद्याच्या पोळीत लोणी पसरायचे, घडी घालायची, लाटायची, गार करायची, पुन्हा घडी. अशी ही खटपट असते. आमच्या सौभाग्यवतींनी एक घास घेतला आणि निकाल दिला : “हा साटा लावलेला चिरोटाच, तळायचा तो भाजला, इतकेच.” मुलीस हे फार आवडले. मग तिने क्रेप नावाच्या पातळ धिरड्यास घावन ठरविले. साखर जाळून वर कडक पापुद्रा आणलेल्या दुधाच्या पक्वान्नास मात्र घरचे नाव सापडेना. खरवस म्हणावे तर खरवसात चीक असतो आणि येथे अंडे. ते तिने बिननावाचेच संपविले.

तथापि क्रोसाँ हा फ्रान्सचा अस्सल दागिना म्हणून मिरवतो तो मूळचा तेथला नव्हे. ऑगस्ट झांग नावाच्या एका ऑस्ट्रियन गृहस्थाने १८३८-३९ च्या सुमारास पॅरिसात व्हिएन्ना पद्धतीची भट्टी घातली, आणि तिच्यातल्या अर्धचंद्राकार पावावर पॅरिसचे लोक लुब्ध झाले. फ्रेंच कारागिरांनी पुढे त्याला पदरांचे लोणीदार पीठ दिले. आजही फ्रेंच लोक ह्या जातीच्या पदार्थांस ‘व्हिएन्नाकडचे’ अशाच अर्थाच्या नावाने ओळखतात. हे ऐकून मुलीने साहजिक प्रश्न केला, “मग हे फ्रान्सचे कसे?” तिला आम्ही उलट विचारले, मिरची आपली कशी? मिरची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती पश्चिम किनाऱ्यास लागली. बटाटाही परकाच. पण मिरचीच्या ठेच्यास परदेशी म्हणणारा मनुष्य आमच्या वैजापूर तालुक्यात तरी भेटावयाचा नाही.

पलीकडे २०२१ साली त्याच भागात ‘रॅटाटुई’ नावाच्या चित्रपटातील स्वयंपाकी उंदरावर एक खेळ उघडला आहे. माणूस उंदराएवढा झाला अशी कल्पना करून गाडीत बसायचे आणि राक्षसी पातेल्यांखालून पळायचे. आम्ही डोळे मिटून घेतले, हे नमूद करून पुढे जातो. रॅटाटुई हा दक्षिण फ्रान्सातील, नीस शहराकडचा गरिबांचा पदार्थ : वांगी, टोमॅटो, भोपळी मिरची, कांदा व काकडीसारखी दिसणारी एक फळभाजी ऑलिव्हच्या तेलात मंद शिजवितात. त्यांतील टोमॅटो आणि मिरची अमेरिकेची. वांगे मात्र आमचे. फ्रेंच भाषेत वांग्यास ‘ओबेरजिन’ म्हणतात. तो शब्द कातालान भाषेतून, तेथे अरबीतल्या ‘अल्-बादिंजान’पासून, अरबीत फारसीतून, आणि फारसीत आपल्या संस्कृत ‘वातिंगण’ शब्दापासून गेला आहे. आपले वांगे त्याच कुळातले. एका भाजीने भारताच्या मळ्यातून निघून फ्रान्सच्या पातेल्यात पोहोचावे आणि वाटेत चार भाषांची वस्त्रे बदलावीत, ही हकीगत त्या उंदराच्या खेळाहून आम्हांस अधिक चमत्कारिक वाटली. मुलीस ती सांगताच ती थोडा वेळ गप्प राहिली, आणि मग तिने जो प्रश्न केला त्यासाठी हा लेख लिहावा लागत आहे. तिने विचारले, “आपली भाजी तिकडे गेली, मग ते लोक आपल्या वैजापूरला कधी आले होते का?”

आले होते. आणि पहिले आले ते तलवार घेऊन नव्हे.

सतराव्या शतकात सुरत हे मोगलांचे मोठे बंदर आणि औरंगाबाद ही दक्षिणेची राजधानी. ह्या दोहोंस जोडणारी वाट नवापूर, पिंपळनेर अशी घाट चढून बागलाणातून येई आणि आमच्या तालुक्याच्या शेजारून दौलताबादेकडे जाई. ह्या वाटेने झाँ बाप्तिस्त ताव्हर्निए हा हिऱ्यांचा फराशीस व्यापारी गेला. १६३१ ते १६६८ या काळात त्याने पूर्वेकडे सहा प्रवास केले आणि १६७६ साली त्यांचे वर्णन छापून काढले. हिऱ्यांचा पारखी असला तरी त्याचे लक्ष पानावरही असे. नवापूरच्या तांदळाचे त्याने मोठे कौतुक केले आहे. दाणा अगदी बारीक, शिजला की बर्फाहून पांढरा, वास कस्तुरीचा. हिंदुस्थानातील थोर लोक तोच खातात, आणि इराणात कोणास प्रिय व्हायचे असेल तर त्या तांदळाचे पोते नजर करावे, असे तो सांगतो. शिपायांची व गोरगरिबांची तांदूळ, डाळ आणि तुपाची खिचडीही त्याच्या नजरेतून सुटली नाही. नवापूरच्या तांदळाची एवढी थोरवी फराशीस भाषेत छापली गेली, आणि आमच्याकडे पाहुण्यांसाठी तांदूळ आणताना कोणास तिची आठवणही नसते!

त्याच्या मागोमाग, १६६६ साली, झाँ द थेव्हनो हा तरुण प्रवासी सुरतेस उतरून ह्याच वाटेने आला. ज्याच्या सुळक्यावरून मनमाडजवळ आगगाडीतील प्रवाशांची नजर हटत नाही, त्या अंकाईचा उल्लेख ह्या वाटेवरील मुक्काम म्हणून त्याच्या वृत्तांतात येतो. अंकाईपासून वैजापूर ते किती दूर! थेव्हनो औरंगाबाद पाहून वेरूळास गेला. वेरूळच्या लेण्यांचे सविस्तर वर्णन करणारा तो पहिला युरोपीय होय. परत जाताना १६६७ मध्ये इराणातच त्याचा अंत झाला. हिंदुस्थानावरील त्याचा भाग १६८४ साली, त्याच्या मरणानंतर, प्रसिद्ध झाला. हे दोघे आले, त्यांनी पाहिले, खाल्ले, लिहिले आणि निघून गेले. मुलीस ही माणसे फार आवडली. येथेच थांबता आले असते तर बरे होते.

पण थांबता येत नाही, कारण ऐंशीएक वर्षांनी त्यांचा देशबंधू पातिसिए येतो. पाँडिचेरीचा गव्हर्नर दुप्लेक्स ह्याने हिंदी राजांच्या भाऊबंदकीत फौज भाड्याने देऊन सत्ता मिळविण्याची युक्ती काढली, आणि ती अमलात आणण्यास बुसीसारखा माणूस त्यास लाभला. सप्टेंबर १७५० मध्ये त्याने जिंजीचा किल्ला एका रात्रीत घेतला. ज्या जिंजीने राजाराम महाराजांस आसरा देऊन मोगलांस वर्षानुवर्षे झुंजविले तीच ही जिंजी. पुढच्याच साली निजामाच्या गादीचा वारस मुजफ्फरजंग वाटेत मारला गेला, तेव्हा बुसीने सलाबतजंगास गादीवर बसविले आणि जून १७५१ मध्ये त्यास घेऊन तो औरंगाबादेत दाखल झाला. त्याच्याजवळ गोरे शिपाई सुमारे तीनशे व कवायत शिकविलेले देशी शिपाई दोन हजारांच्या आसपास होते. एवढ्या थोड्या लोकांनी एवढ्या मोठ्या राज्याची मान धरली.

ह्याचे मर्म कवायतीत व तोफांत होते. त्याच साली अखेरीस नानासाहेब पेशव्यांशी युद्ध जुंपले असता चंद्रग्रहणाची रात्र साधून बुसीने कुकडीच्या काठी मराठ्यांच्या छावणीवर हल्ला केला. पेशवे त्या वेळी स्नानसंध्येत होते. पूजेची सोन्याची उपकरणी टाकून त्यांस निघावे लागले. मराठ्यांनी पुढच्या काही दिवसांत त्याची भरपाई केली, ही गोष्ट वेगळी. ग्रहणाच्या रात्री शत्रू जपात असतो हे कळण्याइतका हा माणूस आपल्या लोकांस ओळखत होता. त्याची हुशारी आम्ही नाकारीत नाही. पण ताव्हर्निएने आपल्या चालीरीती कुतूहलाने टिपल्या आणि बुसीने त्या कामास लावल्या, हा फरक दृष्टीआड करता येत नाही. माहिती तीच, हात निराळे.

आणि ह्या सर्वांचा खर्च कोणी सोसला? फौजेचा पगार थकला की फौज बिथरे. बुसी आजारी पडून मच्छलीपट्टणास गेला असता दरबारातील विरोधी पक्षाने नेमकी हीच कळ फिरवली व फराशीस पलटणींचा पगार अडवला. तेव्हा तो परत आला आणि नोव्हेंबर १७५३ मध्ये औरंगाबादेत त्याने सलाबतजंगाकडून पूर्व किनाऱ्यावरचे चार समृद्ध सुभे, ज्यांस पुढे उत्तर सरकार म्हणत, पगाराच्या तरतुदीसाठी लिहून घेतले. निजामाने आपल्या संरक्षणाची किंमत आपल्याच मुलखाने दिली, आणि तो मुलूख पुन्हा त्याच्या हाती राहिला नाही. इंग्रजांनी हा धडा नीट गिरविला. त्यांच्या तैनाती फौजेचे मूळ येथे आहे. १८०३ नंतर आपल्या सरदारांनी ज्या बेड्या घालून घेतल्या त्यांचा नमुना औरंगाबादेत पन्नास वर्षे आधी घडला होता.

बुसी गेला तरी त्याची एक वस्तू आपल्याकडे राहिली. ती मिठाई नव्हे. त्याच्या कवायतीत तयार झालेल्या देशी शिपायांस गारदी म्हणू लागले. हा शब्द पहारा अथवा रक्षक अशा अर्थाच्या ‘गार्द’ ह्या फराशीस शब्दापासून आला, असे बहुतेक मानतात. इब्राहिमखान गारदी हा ह्याच शाळेतला. तो आधी निजामाकडे होता, मग भाऊसाहेबांकडे आला, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर त्याने जे इमान राखले त्याची साक्ष शत्रूंनीही दिली. परंतु तेरा वर्षेही झाली नाहीत तोच, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. त्यांस काकांच्या पायाशी धावलेला पोरगा कोणत्या मराठी मुलास ठाऊक नाही? फ्रेंच भाषेचा एकही शब्द न शिकलेले आपले मूल हा एक शब्द आजीच्या मांडीवर शिकते. शिकते ते भीतीसह.

आमच्या नातीसही तो ठाऊक होता. गारदी म्हणजे फ्रेंच, हे ऐकताच तिने हातातली पुडी खाली ठेवली. “म्हणजे ही लोकं वाईट होती?” असा तिचा प्रश्न होता. त्या गल्लीत बाजा वाजत होता, पलीकडे तिच्या वयाची पोरे फुगे घेऊन पळत होती, आणि आम्ही तिच्या दिवसाची माती करीत आहो की काय, असे मनात आल्यावाचून राहिले नाही. अशा उद्यानांची रीतच अशी, की राष्ट्राचा पाव ठेवायचा, गाणे ठेवायचे, मनोरा ठेवायचा आणि युद्ध वगळायचे. खुद्द आयफेल मनोरा ज्या १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी उभारला, त्या प्रदर्शनात तर वसाहतींतून माणसे आणून त्यांची खोटी गावे वसवली होती व पॅरिसचे नागरिक तिकिटे काढून ती पाहत. आजची उद्याने त्या प्रदर्शनांची नातवंडे आहेत. ती आजोबांपेक्षा पुष्कळ सभ्य आहेत, हे कबूल केले पाहिजे. दुकानात पाव विकणारी मुले स्वखुशीने आलेली असतात आणि हसून बोलतात. तरी वगळण्याची खोड गेलेली नाही. आम्ही नातीस एवढेच सांगितले की चिरोटा करणारे आणि तोफ डागणारे एकाच गावचे असू शकतात. चिरोटा खाण्यास हरकत नाही. तिने पुडी पुन्हा उचलली. तिचे समाधान झाले असे मात्र आम्हांस वाटले नाही, आणि व्हावे असेही नाही.

तिला आम्ही खर्ड्याची हकीगत सांगितली ती थोडी विनोदाची होती. मार्च १७९५ मध्ये मराठे आणि निजाम यांचे तेथे युद्ध झाले, त्यात निजामाकडे मुसा रेमाँची पलटणे होती आणि आमच्याकडे शिंद्यांच्या फौजेत पेराँ नावाचा फराशीस. फ्रान्सात तेव्हा राज्यक्रांती होऊन राजाचे मस्तक उडाले होते, आणि हे दोन फ्रेंच खर्ड्याच्या माळावर दोन भिन्न धन्यांसाठी एकमेकांवर तोफा रोखून उभे होते. कोणी कोणाचे शत्रू हे त्यांस पगाराच्या तारखेवरून कळत असावे.

मात्र बुसीच्या औरंगाबादेतील शेवटच्या दिवसांची जी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते, ती लढाईची नाही. सलाबतजंगाचा दिवाण शाहनवाजखान हा विद्वान पुरुष होता. तो औरंगाबादेतच वाढला. मोगल अमीर-उमरावांच्या चरित्रांचा ‘मआसिर-उल्-उमरा’ हा प्रचंड फारसी ग्रंथ त्याने अवकृपेच्या काळात, घरी बसून, लिहिण्यास घेतला होता. दरबारात तो फराशिसांच्या विरोधी पक्षाचा. म्हणून १७५८ च्या आरंभी तो बुसीचा दिवाण हैदरजंग ह्याच्या कैदेत पडला. ११ मे रोजी निजामअलीच्या डेऱ्यात हैदरजंगाचा खून झाला. बातमी पसरताच चवताळलेल्या शिपायांनी कैदेतील शाहनवाजखानास व त्याच्या एका मुलास ठार केले. त्याच्या घराची लूट झाली आणि त्या लुटीत हस्तलिखिताची पाने कोठच्या कोठे गेली. पुढच्याच महिन्यात पाँडिचेरीच्या नव्या सेनापतीने, लाली याने, बुसीस परत बोलावले. सात वर्षांचा फराशीस अंमल संपला. १७६० च्या जानेवारीत वांदिवाशच्या लढाईत बुसी इंग्रजांच्या हाती सापडला.

ती पाने शोधण्याचे काम गुलाम अली आझाद बिलग्रामी ह्यांनी केले. हे अरबी-फारसीचे कवी व चरित्रकार. बाबा शाह मुसाफिरांच्या तकियात, आज जेथे लोक पाणचक्की पाहावयास जातात तेथे, त्यांनी कित्येक वर्षे काढली होती. शाहनवाजखान हा त्यांचा स्नेही. सुमारे वर्षभराने त्यांस हस्तलिखिताचा बराचसा भाग हाती लागला. तो त्यांनी जुळविला, गाळलेल्या जागी भर घातली आणि आरंभी मित्राचे चरित्र लिहिले. नातीने येथे आम्हांस थांबवून विचारले की सगळी पाने मिळाली का. सगळी मिळाली नाहीत. मारल्या गेलेल्या दिवाणाचा दुसरा मुलगा अब्दुल हय्य ह्याने उरलेली चरित्रे स्वतः लिहून १७८० मध्ये बापाचा ग्रंथ पुरा केला, आणि कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने १८८८ पासून तीन वर्षांत तो छापून काढला. आझाद १७८६ साली वारले. त्यांची कबर खुलताबादेस आहे. वैजापूरहून वेरूळास जाणाऱ्यास ती वाट वाकडी करावी लागत नाही.